सराटे, काळी माती आणि सायकल

बीड जिल्ह्यात सायकल हे हौसेचे साधन होण्याच्या कितीतरी आधीपासून गरजेचे साधन आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजारांच्या घरात होती आणि तिच्यापैकी सुमारे चार-पंचमांश लोक खेड्यांत राहत होते. वाडी-वस्तीवरून शाळेच्या गावी, घरून शेतावर, शेतावरून दूध घालायला, अशी काही किलोमीटरची रोजची ये-जा हा येथील दिनक्रमाचा भाग आहे. मोटारसायकलींनी प्रौढ पुरुषांच्या प्रवासाचे रूप पालटले. शाळकरी मुलामुलींच्या वाट्याला मात्र आजही बहुधा सायकलच येते. दुसरीकडे बीड, अंबाजोगाई, परळी यांसारख्या शहरांत व्यायामासाठी गिअरची सायकल घेणारा वर्गही आहे. एकीची किंमत दुसरीच्या कित्येक पट असली, तरी दोन्ही सायकलींचे शत्रू एकच आहेत : काटे, चिखल, धूळ, ऊन आणि दुर्लक्ष.

टिकाऊ भाग म्हणजे महाग भाग, असा एक समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. जो भाग झिजला तर वेळेत लक्षात येतो, जवळच्या दुकानात मिळतो आणि साध्या पान्याने बदलता येतो, तोच खऱ्या अर्थाने टिकाऊ. सायकल निवडताना आणि तिची निगा राखताना हे एक सूत्र ध्यानी ठेवले, तर साधी सायकलही दहा-पंधरा वर्षे विनातक्रार सेवा देऊ शकते.

भूगोल आणि सायकलची झीज

बालाघाटच्या डोंगररांगेने बीड जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. उत्तरेकडील गोदाकाठचा सखल प्रदेश ‘गंगथडी’ म्हणून ओळखला जातो. गेवराई आणि माजलगाव तालुक्यांत प्रामुख्याने काळी, चिकण माती आहे. दक्षिण आणि पश्चिमेकडील पठारी भागात, म्हणजे पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या बाजूला, जमीन हलकी आणि मुरमाड आहे. या दोन्ही मातींचा सायकलीवर होणारा परिणाम वेगवेगळा आहे.

काळी माती ओली झाली की चाकाला थराथराने चिकटते. चाक आणि मडगार्ड यांच्यातील जागा काही मिनिटांत भरून जाते आणि चाक फिरायचे थांबते. अशा वेळी जोर लावून सायकल रेटली, तर मडगार्डच्या सळ्या वाकतात आणि चेनवर ताण येतो. काडीने चिखल काढून मगच पुढे जावे. पावसाळ्यात शिवारातून जावे लागत असेल, तर टायर आणि मडगार्ड यांच्यात निदान बोटभर अंतर असलेली सायकल निवडावी. मुरमाड भागात चिखलाचा त्रास कमी, पण बारीक कचकचीचा जास्त. ही धूळ चेनच्या तेलात मिसळते आणि पॉलिश पेपरसारखे काम करते. ब्रेकच्या रबरात रुतलेला मुरमाचा खडा तर रिमवर अक्षरशः चर पाडतो.

पाऊस कमी, पण उन्हाळा तीव्र, ही मराठवाड्याची स्थिती सर्वज्ञात आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. दिवसभर उन्हात उभ्या केलेल्या सायकलीच्या टायरच्या बाजूंना आधी बारीक भेगा पडतात आणि नंतर धागे दिसू लागतात. ट्यूबवरचे जुने पॅचही तापून सुटतात. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या आवारात साधी पत्र्याची शेड असेल, तर टायरचे आयुष्य त्यामुळेच बरेच वाढते.

टायरचे माप : पहिली फसगत

टायर बदलताना होणारी सर्वांत मोठी चूक मापाची असते. ‘सव्वीसचा टायर द्या’ एवढे सांगणे पुरेसे नाही. २६ इंच या एकाच नावाखाली परस्परांत न बसणारी निदान तीन मापे प्रचलित आहेत. अपूर्णांकात लिहिलेला २६ × १ ३/८ हा टायर आणि दशांशात लिहिलेला २६ × १.७५ हा टायर वेगवेगळ्या रिमचे आहेत. पहिल्याच्या रिमचा बैठकीचा व्यास ५९० मिलिमीटर असतो, तर दुसऱ्याच्या रिमचा ५५९ मिलिमीटर. २६ × १ १/२ या मापाची रिम आणखी वेगळी, म्हणजे ५८४ मिलिमीटरची असते.

हा घोळ टाळण्यासाठी टायरच्या बाजूवर उठविलेला आंतरराष्ट्रीय मानकाचा आकडा पाहावा. त्यात दोन संख्या असतात. ‘३७-५९०’ असे लिहिले असेल तर टायरची रुंदी ३७ मिलिमीटर आणि रिमचा व्यास ५९० मिलिमीटर. दुसरी संख्या तंतोतंत जुळलीच पाहिजे. पहिलीत थोडाफार फरक चालतो. जुन्या काळ्या २८ × १ १/२ सायकलींसाठी दुसरी संख्या ६३५ असते. साडेसत्तावीसच्या गिअर सायकलींसाठी ५८४, तर ‘सातशे सी’ आणि एकोणतीस इंची या दोन्हींसाठी ६२२. घरातील सायकलीचा हा आकडा वहीत लिहून ठेवला, तर दुकानातील अर्धा गोंधळ वाचतो.

निवडीचा दुसरा मुद्दा रुंदीचा. गंगथडीतील किंवा पठारावरील कच्च्या रस्त्यांसाठी अगदी अरुंद टायर योग्य नव्हेत; ते दगडावर आपटले की ट्यूब रिमला चिमटते आणि सापाने चावा घेतल्यासारखी दोन समांतर छिद्रे पडतात. दुसरीकडे डांबरी रस्त्यावरच चालविल्या जाणाऱ्या सायकलीला जाड गुठळ्यांचा टायर घालणे म्हणजे पायांना विनाकारण श्रम. मध्यम रुंदीचा, मधोमध सलग पट्टा असलेला टायर दोन्हीकडे चालतो आणि सावकाश झिजतो.

सराटे, बाभळी आणि पंक्चर

बीडच्या सायकलस्वाराला पंक्चर ही बातमी नसते, नित्यकर्म असते. याचे मुख्य कारण म्हणजे सराटा, अर्थात गोखरू. जमिनीलगत पसरणाऱ्या या वेलीचे फळ वाळले की त्याचे पाच भाग होतात आणि प्रत्येक भागाला टणक काटे असतात. तो कसाही पडला तरी एक काटा वर तोंड करून उभा राहतो. पावसाळा सरल्यानंतर वेल वाळतात आणि पायवाटांच्या कडेला सराट्यांचा सडा पडतो. दुसरा शत्रू वेडी बाभूळ. तिचा काटा लांब आणि कणखर असून मोटारसायकलीच्या टायरलाही दाद देत नाही.

सराटा रुतल्यावर हवा लगेच जात नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. काटा स्वतःच छिद्र बुजवून धरतो. घरी पोहोचेपर्यंत सायकल ठीक वाटते आणि सकाळी चाक बसलेले आढळते. त्यामुळे रानातून आल्यावर दोन्ही चाके हळूहळू फिरवून टायरवरून नजर फिरविण्याची सवय लावावी. वरवर रुतलेला काटा तेथेच काढला, तर पुष्कळदा ट्यूब वाचते.

पंक्चर काढण्याची पद्धत साधी असली, तरी तीतील दोन पायऱ्या घाईत गाळल्या जातात. पहिली म्हणजे टायरची आतून तपासणी. ट्यूबमधील छिद्र बुजविले, पण काटा टायरमध्येच राहिला, तर पुढच्या शंभर पावलांत नवे पंक्चर ठरलेले. टायरच्या आतून जुने सुती फडके फिरवावे. काटा असेल तेथे ते अडकते. बोटाने चाचपण्यापेक्षा हे सुरक्षित. दुसरी पायरी सोल्यूशन वाळू देण्याची. काचपेपरने घासलेल्या जागेवर सोल्यूशनचा पातळ थर लावून तीन ते पाच मिनिटे थांबावे. बोटाला चिकटेनासे झाले की मगच पॅच दाबावा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच उन्हाळ्यात हमखास सुटतो.

काटेरी भागात टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घालण्याची युक्ती अनेक कारागीर करतात. ती उपयोगी आहे; मात्र पट्टीची टोके तिरपी कापून पातळ केली नाहीत, तर त्यांच्याच कडेने ट्यूब घासून फाटते. बाजारात तयार पट्ट्याही मिळतात. गिअर सायकलींच्या ट्यूबमध्ये भरायचे, छिद्र आपोआप बुजविणारे द्रव्य सराट्यासारख्या लहान छिद्रांवर चांगले काम करते. वेड्या बाभळीच्या लांब काट्याने पडलेल्या दुहेरी छिद्रावर किंवा चिरेवर नाही.

हवेचा दाब हा पंक्चरइतकाच महत्त्वाचा विषय. टायरच्या बाजूवर त्याची मर्यादा लिहिलेली असते. २८ इंची साध्या सायकलीला साधारणतः ४० ते ५० पौंड हवा योग्य ठरते. मागच्या चाकावर भार जास्त असल्याने तेथे थोडी अधिक. कमी हवेवर ओझे वाहिल्याने टायरच्या बाजू दुमडून फाटतात. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमधील रबरी वालट्यूब उन्हाने कडक होते आणि हवा झिरपू देते. पंक्चर सापडत नसेल, तर आधी ही काही रुपयांची वालट्यूब बदलून पाहावी.

चेन आणि फ्रीव्हील

सायकलीतील सर्वाधिक फसवा भाग म्हणजे चेन. ती तुटते क्वचित. झिजते मात्र रोज. चेनच्या प्रत्येक पिनेमध्ये अंतर अर्धा इंच असते. झीज झाली की हे अंतर वाढत जाते आणि लांबलेली चेन फ्रीव्हीलचे व पुढच्या चक्राचे दात खाऊ लागते. वेळेवर चेन बदलली, तर फ्रीव्हील दोन-तीन चेन टिकते. न बदलल्यास चेन, फ्रीव्हील आणि चक्र असा तिहेरी खर्च एकदमच अंगावर येतो.

झीज मोजायला साधी इंचाची पट्टी पुरते. चेन ताणलेली असताना पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवावा. नव्या चेनमध्ये तेथून चोविसावी पिन नेमकी १२ इंचांवर येते. ती एक-सोळांश इंचाने पुढे गेली असेल, तर चेन बदलण्याची वेळ आली. एक-अष्टमांश इंचाने गेली असेल, तर फ्रीव्हीलचेही दात बहुधा खाल्ले गेले आहेत आणि नवी चेन त्यावर घसरेल. ही तपासणी दर तीन महिन्यांनी करावी.

खरेदी करताना चेनची रुंदी पाहावी. बिनगिअरच्या सायकलीची चेन आतून एक-अष्टमांश इंच रुंद असते. गिअरची त्याहून अरुंद. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. चेनच्या लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेने पुढे जाते, त्या दिशेला असावी. उलट बसविलेले लॉक झुडपाला किंवा ओढणीला अडकून निघते.

तेलाविषयीचे गैरसमज तर असंख्य आहेत. मोटारसायकलीचे जळके ऑइल चेनवर सोडण्याची प्रथा गावोगावी दिसते. त्या ऑइलमध्ये इंजिनातील धातूचे कण आणि काजळी असते. ते चेन झिजवतेच. खोबरेल किंवा गोडे तेल काही दिवसांत चिकट होऊन धूळ धरते. शिलाई मशीनचे तेल चालते, पण पातळ असल्याने लवकर उडून जाते. स्वच्छ इंजिन ऑइल किंवा सायकलसाठीचे खास तेल उत्तम. पद्धत अशी : आधी फडक्याने चेन कोरडी पुसावी, प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब सोडावा, पायडल उलटे फिरवून तेल आत मुरू द्यावे आणि दहा मिनिटांनी बाहेरचे सारे तेल पुसून टाकावे. तेल चेनच्या आत हवे. बाहेर राहिलेले तेल धुळीला निमंत्रण देते. मुरमाड भागात हे विशेष लक्षात ठेवावे.

बिनगिअरच्या सायकलीत चेन फार ताठ ठेवू नये. मधोमध बोटाने वर-खाली केल्यास ती साधारण एक ते दीड सेंटिमीटर हलावी. फ्रीव्हीलच्या दातांची निवड भूप्रदेशानुसार करावी. पुढचे चक्र ४४ दातांचे आणि मागचे १८ दातांचे असेल, तर २८ इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मागे २० दातांचे फ्रीव्हील बसविले, तर हे अंतर एक-दशांशाने घटते आणि चढ तेवढाच हलका होतो. मांजरसुंबा किंवा धारूरच्या घाटाच्या बाजूला राहणाऱ्यांना, तसेच दप्तराचे ओझे वाहणाऱ्या मुलींना हा स्वस्तातला बदल गिअरच्या सायकलीहून अधिक सोयीचा ठरू शकतो.

छर्रे, कोन आणि ओव्हरऑइलिंग

कारागिरांच्या भाषेत ज्याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात, ती सायकलची वार्षिक चिकित्सा होय. तीत दोन्ही चाकांचे हब, पायडलचा मधला एक्सल आणि हँडलचे कप सोडवून धुतले जातात व नवे ग्रीस भरले जाते. हे काम वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर करावे. पावसात आत गेलेले पाणी आणि चिखल वर्षभर तसाच राहिला, तर कोनांवर खड्डे पडतात. खड्डे पडलेला कोन कितीही ग्रीस भरले तरी सुरळीत फिरत नाही. तो बदलावाच लागतो.

छर्रे बदलताना एका बाजूचे सर्व एकदम बदलावेत. जुन्या-नव्या छर्ऱ्यांच्या व्यासात सूक्ष्म फरक असतो आणि सारा भार मोठ्या छर्ऱ्यांवर येतो. कोन आवळण्यातही तारतम्य हवे. चाक हलक्या हाताने फिरवल्यास सहज फिरावे, पण रिम धरून आडवी हलवल्यास खुळखुळू नये. खुळखुळणारे चाक आठवडाभर तसेच चालवले, तरी एक्सल वाकण्याची शक्यता असते.

जुन्या पद्धतीच्या सायकलींमध्ये क्रँक कॉटर पिनेने बसविलेला असतो. पायडल मारताना प्रत्येक फेऱ्यात ‘टक’ असा आवाज आला, तर पिन सैल झाली आहे. पिन स्वस्त असते. ती न बदलता सायकल चालवली, तर क्रँकचे छिद्र आणि एक्सल दोन्ही निकामी होतात. पायडल बसविताना डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, हे विसरू नये. जबरदस्तीने फिरवलेल्या पायडलमुळे क्रँकचे आटे जाण्याचे प्रकार घरगुती दुरुस्तीत नेहमी घडतात.

एक सावधगिरीची सूचना. मोटारी धुण्याच्या केंद्रावर दाबाच्या पाण्याने सायकल धुऊ नये. ते पाणी थेट छर्ऱ्यांपर्यंत पोहोचते आणि ग्रीस बाहेर काढते. ओले फडके, ब्रश आणि बादलीभर पाणी एवढे पुरेसे आहे. पाणीटंचाईच्या जिल्ह्यात तर तेच शहाणपणाचे.

चाके आणि ब्रेक

पारंपरिक भारतीय सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० स्पोक असतात. मागे भार अधिक, म्हणून स्पोक अधिक, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. नव्या सायकलींना बहुधा दोन्हीकडे ३६ असतात. दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा किंवा पाठीमागे दुसरे माणूस वाहणाऱ्या सायकलीला कमी स्पोकची, दिसायला आकर्षक चाके घेऊ नयेत. एक स्पोक तुटला की त्याचा भार शेजारच्या स्पोकवर जातो आणि काही दिवसांत तेही तुटतात. चाकाचा ‘आउट’ काढणे, म्हणजे वाकडे फिरणारे चाक स्पोक कमी-अधिक ताणून सरळ करणे, हे कसबाचे काम आहे. ते जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

ब्रेकचे तीन मुख्य प्रकार आढळतात. जुन्या सायकलींचे सळीचे ब्रेक जवळजवळ अमर असतात. मात्र चकचकीत लोखंडी रिमवर पाणी पडले की त्यांची पकड फारच कमी होते. पावसात अंतर राखून आणि आधीपासून ब्रेक दाबत यावे, हाच उपाय. वायरीचे, रिमला दोन्ही बाजूंनी धरणारे ब्रेक ॲल्युमिनियमच्या रिमवर चांगले काम करतात. डिस्क ब्रेक चिखलात उत्तम, पण डिस्कवर चेनचे तेल उडाले तर पॅड निकामी होतात आणि ते पॅड प्रत्येक गावात मिळतीलच असे नाही. शाळेच्या सायकलीसाठी डिस्क ब्रेकचा आग्रह धरण्याचे कारण नाही. ब्रेकच्या रबरावरील खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदलावे, आणि त्यात रुतलेले खडे महिन्यातून एकदा टाचणीने काढावेत. घाट उतरताना एकच ब्रेक सलग दाबून ठेवू नये. दोन्ही ब्रेक आलटून पालटून, थोड्या थोड्या वेळाने दाबावेत.

सांगाडा आणि गिअर

भारतातील मोठ्या सायकल कारखान्यांची उभारणी प्रामुख्याने स्वातंत्र्यानंतरच्या दशकात झाली. टीआय सायकल्स १९४९ मध्ये मद्रासजवळ, अ‍ॅटलस १९५१ मध्ये सोनीपतला आणि हीरो १९५६ मध्ये लुधियानात सुरू झाली. त्यांच्या काळ्या, २८ इंची सायकलींचे भाग दशकानुदशके जवळजवळ त्याच मापांचे राहिले. अ‍ॅटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्यातील काम ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनीच थांबले. तरीही जुन्या अ‍ॅटलस सायकलींच्या मालकांवर सायकल मोडीत काढण्याची वेळ आली नाही. कारण तिची चेन, कोन, टायर हे सारे इतर उत्पादकांच्या मालातून मिळते. प्रमाणित माप म्हणजे काय, याचा याहून चांगला दाखला नाही.

सांगाडा निवडताना हाच निकष लावावा. पोलादी सांगाडा जड असतो, पण वाकला तर सरळ होतो आणि तुटला तर गावातील वेल्डरही तो जोडू शकतो. ॲल्युमिनियमचा सांगाडा हलका आणि गंजमुक्त. मात्र त्याला तडा गेला तर साध्या वेल्डिंगने तो पूर्ववत होत नाही. शहरातील डांबरी रस्त्यांवर तो योग्य. ओझे आणि कच्चे रस्ते असतील, तर पोलादच बरे.

गिअरची सायकल घेणाऱ्यांनी मागचा गिअर ज्या लहानशा पट्टीवर टांगलेला असतो, ती पट्टी सायकलसोबतच जादा विकत घ्यावी. सायकल पडली की आधी हीच वाकते. तिचे आकार मॉडेलगणिक वेगळे असल्याने काही वर्षांनी ती मिळणे कठीण होते. पुढे एकच चक्र आणि मागे सात-आठ गिअर, ही रचना बालाघाटच्या चढ-उतारांना पुरेशी आहे. एकवीस किंवा चोवीस गिअरचा आकडा जाहिरातीत शोभतो. प्रत्यक्षात त्यातील बरेच गिअर एकमेकांची पुनरुक्ती असतात आणि बिघाडाच्या जागा मात्र वाढतात.

बंद राहणारी सायकल

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून राज्यभर ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळा लागताना परततात. या काळात अनेक घरांतील सायकल कुलूपबंद राहते. चालणाऱ्या सायकलीपेक्षा पडून राहिलेली सायकल लवकर बिघडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

निघण्यापूर्वी अर्धा तास दिला, तर हे नुकसान टळते. सायकल पुसून कोरडी करावी. चेनवर, ब्रेकच्या सांध्यांवर आणि स्पोकच्या निपलांवर तेलाचा हात फिरवावा. चाकांत हवा भरावी. बसलेल्या चाकावर उभ्या राहिलेल्या सायकलीचे टायर घडीवर फाटतात. शक्य असल्यास सायकल आढ्याला टांगावी किंवा उलटी ठेवावी. रासायनिक खतांच्या किंवा मिठाच्या पोत्यांजवळ ती कधीही ठेवू नये. ओलसर हवेत या क्षारांमुळे लोखंड झपाट्याने गंजते. परतल्यावर हवा, ब्रेक आणि चेन तपासल्याशिवाय मुलांच्या हाती सायकल देऊ नये.

दिवा आणि शिरस्त्राण

गाळप हंगामात उसाने भरलेले, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री-पहाटे रस्त्यांवर असतात. अशा वाहनचालकाला सायकल दिसणे, हाच सायकलस्वाराचा पहिला बचाव. केंद्र सरकारने सायकलीच्या परावर्तकांसाठी २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. नव्या सायकलीवर आलेले परावर्तक काढून टाकू नयेत. चिखलाने माखलेले पुसावेत. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा लावावा. दिवा घेताना तो पाण्यात टिकणारा आहे का आणि मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होतो का, हे पाहावे. शिरस्त्राण डोक्यावर घट्ट आणि कपाळ झाकणारे असावे. एकदा जोराचा आघात सोसलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी टाकून द्यावे. आतील फोम दबलेला असतो.

निगेचे वेळापत्रक

रोज : हवा अंगठ्याने दाबून पाहणे, दोन्ही ब्रेक तपासणे, रानातून आल्यास टायरमधील काटे काढणे.

दर आठवड्याला : धूळ पुसणे, चेन कोरडी पुसून आवश्यक तेथे तेल देणे, पंपाने हवा भरणे.

दर महिन्याला : चाके खुळखुळतात का, स्पोक सैल आहेत का, पायडल, सीट व कॅरिअरचे नट घट्ट आहेत का, हे पाहणे, ब्रेकच्या रबरातील खडे काढणे.

दर तीन महिन्यांनी : चेनची झीज पट्टीने मोजणे, टायरच्या बाजूंवरील भेगा पाहणे.

पावसाळ्यापूर्वी : ब्रेकची रबरे आणि वायरी बदलणे, सांगाड्यावरील उडालेल्या रंगाच्या जागी रंगाचा हात देणे.

पावसाळ्यानंतर : संपूर्ण ओव्हरऑइलिंग.

घरात एक लहान पंप, टायर काढण्याचे दोन लिव्हर, काचपेपर, सोल्यूशन, पॅच, वालट्यूब, तेलाची बाटली, १५ नंबरचा पाना आणि एक सरकता पाना एवढे साहित्य असले की बहुतेक किरकोळ कामे घरीच होतात.

सायकल वाटली, पुढे काय?

या सगळ्या तपशिलामागे एक गंभीर प्रश्न आहे. बिहारमध्ये २००६ पासून नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निषिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली. शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष दिसला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाद्वारे १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाह्य देण्यात येते. बालविवाहाचे प्रमाण चिंताजनक असलेल्या बीडसारख्या जिल्ह्यात मुलगी शाळेत टिकणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको.

परंतु सायकल मिळण्याच्या दिवशी छायाचित्र निघते. ती बंद पडण्याच्या दिवशी कोणी पाहत नाही. सराट्याने झालेले पंक्चर, सैल कॉटर किंवा तुटलेली ब्रेकची वायर ही काही रुपयांची कामे. ती राहून गेली की सायकल भिंतीला टेकते, मुलगी चार दिवस घरी राहते, आणि चार दिवसांचे चाळीस व्हायला वेळ लागत नाही. शाळेत एक पंप आणि पंक्चरचे साहित्य ठेवणे, आठवीच्या मुला-मुलींना पंक्चर काढायला शिकविणे आणि पावसाळ्यानंतर गावातील कारागिराला एक दिवस शाळेत बोलावणे, एवढी व्यवस्था कोणत्याही शाळेला परवडण्यासारखी आहे. सायकलीचे आयुष्य कारखान्यात ठरते त्याहून अधिक अशा छोट्या सवयींनी ठरते.